धक्क्यावरची हजेरी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. माझ्या निरोप समारंभात आमची शाळा ऑनलाइन कामात तालुक्यात पुढे असल्याचं सगळे बोलले, तेव्हाही मी मान खाली घालून नारळ घेतला.

मुरुडजवळच्या त्या शाळेचा मी मुख्याध्यापक. दुसरीच्या वर्गावर एक बाई होत्या. वर्गातली बरीच मुलं कोळीवाड्यातली. होड्या भरती बघून धक्क्याला लागायच्या, आईला मासळी निवडू लागून मुलं उशिरा यायची. म्हणून बाई शेवटचं मूल आल्यावरच हजेरी घ्यायच्या. मुलं ‘हजर’ म्हणत नसत, आज जाळ्यात काय आलं ते सांगत. मांदेली. बोंबील. कायच न्हाय. वर्ग हसायचा, बाईही.

मग हजेरी मोबाइलवर आली. अकराच्या आत भरायची, आणि रेंज फक्त धक्क्यावर. बाईंच्या वर्गामुळे आमची शाळा तालुक्याच्या यादीत रोज लाल रंगात दिसू लागली. वरून विचारणा झाली. मी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, की एका वर्गापायी सगळ्यांना खाली बघावं लागतंय. त्याखाली अंगठे उमटत गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाई अकराच्या आधी धक्क्यावर मोबाइल उंच धरून उभ्या दिसू लागल्या. समोर होड्या लागत. तिथेच त्यांच्या वर्गातली मुलं टोपल्या धरून उभी असत, आणि बाई त्यांना गैरहजर लावत. शाळा हिरवी झाली. एक मुलगी मला म्हणाली, “सर, बाई आता काय गावलं ते इचारत न्हाईत.”

वर्ष संपताना बाईंनी राजीनामा दिला. मी कारण विचारलं.

“वर्गात जावंसंच वाटत नाही, सर. असं कधी झालं नव्हतं.”

पुढे एकदा बोर्लीच्या बाजारात भेटल्या, भावाच्या दुकानात बसल्या होत्या. रेंज आली का हो शाळेत, एवढंच त्यांनी विचारलं. आली म्हणालो. तेवढ्यात एसटी लागली आणि मी घाईने चढलो.

अजून सकाळी होड्यांच्या इंजिनांचा आवाज आला की मला धक्क्यावर तो वर केलेला हात दिसतो. मग मी मोबाइल घेतो, तेच लिहितो आणि पुसून टाकतो: बाई, ती मुलं ऑफिसच्या खिडकीतून मलाही दिसत होती. मला माफ करा.