भाचीच्या साखरपुड्यात माझं लोहचुंबक

खोटी चांदी ओळखण्याची विद्या मी पलंगावर पडून, मोबाइलवर व्हिडिओ बघून संपादन केली. नाणं वाजवा, त्यावर बर्फ ठेवा, लोहचुंबक लावा. खरी चांदी चुंबकाला भाव देत नाही. एवढ्या ज्ञानावर मी बहिणीच्या घरी, हिंदी मुलखातल्या माधवगंजात, भाचीच्या साखरपुड्याला गेलो. खिशात मोडक्या स्पीकरचं चुंबक होतं. वाटेत त्यानं घराच्या किल्ल्या पकडल्या, तेव्हा त्याच्या कर्तबगारीबद्दल शंकाच उरली नाही.

"मामा, आज प्लीज काही नको हं," भाचीनं दारातच हात जोडले. "बड़ी मुश्किल से माने हैं सब."

मुलगा तिनं स्वतः निवडलेला. दोन्ही घरांची मनं वळवता वळवता तिचं वजन उतरलं होतं. मी तिला आशीर्वाद दिला. त्याला काय लागतं?

थाटीपुरहून मुलाकडची मंडळी आली. मुलाच्या आईनं भाचीची ओटी भरली आणि स्टीलच्या ताटात, हळदकुंकवाशेजारी, चांदीचं नाणं ठेवलं. काळपट, मळकं. मुलाला द्यायचं आमचं नाणं कसं लखलखत होतं! ते मीच ऑनलाइन निवडून मागवलं होतं. घरातला जाणकार म्हणून.

सगळे पेढ्यांत गुंतल्यावर मी त्या काळपट नाण्यावर हळूच चुंबक टेकवलं. खट्ट! उचलायला गेलो तर नाण्यासकट ताट वर आलं आणि कुंकू माझ्या सदऱ्यावर.

"ही चांदी नाही," मी जाहीर केलं. गप्प बसता आलं असतं, पण ज्ञान दाबून ठेवणं माझ्या तब्येतीला मानवत नाही.

बहीण मटकन बसली. मुलाचे वडील उठून चपला शोधू लागले. भाची माझ्याकडे बघत होती. ते बघणं इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलाच्या आईनं चुंबक ओढून काढलं. नाणं तळहातावर घेतलं आणि त्याला चुंबक लावलं. चिकटेना. मग चुंबक नुसत्या ताटाला लावलं. खट्ट.

"मामा, ताट चांदीचं नाही, हे मात्र अगदी बरोबर ओळखलंत."

हशा पिकला. मुलाचे वडील चपला सोडून परत फिरले. "अब इनका वाला भी देख लो," ते म्हणाले.

"राहू द्या हो, शुभ वेळ आहे," मी म्हणालो. शुभ वेळ मला तेव्हा आठवली.

मुलाच्या आईला चुंबक नाण्यापर्यंत न्यावंही लागलं नाही. आमचं नाणंच उडी मारून त्याला भेटायला गेलं.

आता कुणी हसेना. भाचीनं डोळे मिटून घेतले.

"नाणं नको आम्हाला," मुलाची आई म्हणाली. "हे चुंबक तेवढं द्या. ते मामांकडे राहणार नसेल तर लग्न पक्कं."

मी दिलं. इतक्या तत्परतेनं मी आयुष्यात काही दिलेलं नाही.

लग्नात रुखवतावर, चकल्या आणि लाडवांच्या मधोमध, भाचीनं सासूकडून मागून घेतलेलं तेच चुंबक हळदकुंकू लावून ठेवलं होतं. त्याला आमचं नाणं चिकटलेलं. खाली भाचीच्या अक्षरात चिठ्ठी: मामांकडून.

येणारेजाणारे वाकून बघत होते आणि मलाच विचारत होते, चांदीचं आहे का हो?