जिपारच्या गाडीतली डावी सीट

जिपारच्या घरात चोरून ठेवलेलं बाळ आहे, अशी माझी पक्की खात्री होती. हसू नका, तुम्हालाही तेच वाटलं असतं. थंडी पडली की रोज संध्याकाळी ही बया दुलईत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून चार जिने चढायची. हळू, जपून, मधेच थांबून दुलई सारखी करत. सकाळी तेच गाठोडं घेऊन खाली. शेवटी मला काही राहवेना. एकदा जिन्यात गाठलं आणि दुलईचं टोक उचललं. आत गाडीची बॅटरी!

"हळू एजे, आत्ताच डोळा लागलाय तिचा," जिपार म्हणाली. मला ती एजे म्हणते, म्हणजे ताई.

मी तिथंच पायरीवर बसकण मारली आणि अशी हसले, अशी हसले, की खालच्या दोन घरांची दारं उघडली. आमच्या काराकोलच्या थंडीत रात्रभर गाडीत ठेवली तर बॅटरी सकाळी डोळे पांढरे करते. ज्यांच्याकडे गॅरेज आहे ते निवांत झोपतात, बाकीचे ती उशाशी घेऊन झोपतात.

पण मी अगदीच चुकले नव्हते बरं का. पोर होतं. आयपेरी, सहा वर्षांची. फक्त या घरात नव्हतं, वर डोंगरातल्या गावी जिपारच्या आईकडे होतं. कारण घरमालक सातिबाल्दी. खोली देतानाच त्यानं बजावलं होतं, "पोरंबाळं चालणार नाहीत. भिंती नुकत्या रंगवल्यात." नवरा परदेशी कामाला गेला तो तिकडचाच झालेला. बाईनं मान डोलावली आणि किल्ली घेतली. काय करणार?

आता आईचे गुडघे गेले. धाकटा भाऊ तिला उपचाराला बिश्केकला नेणार, तेही याच आठवड्यात. पोरीला कुठं ठेवायचं? जिपार भिंगरीसारखी फिरत होती. एका ठिकाणी म्हणाले, पोर नको. दुसरीकडे पोर चालेल म्हणाले, पण गाडी अंगणात नको. तिसऱ्या म्हातारीनं नवरा कुठंय, कधी येणार, येणार का, एवढं विचारून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाली, खोली भाचीला दिलीय.

"निदान चहा तरी चांगला होता?" मी विचारलं.

"पाणचट," जिपार म्हणाली आणि गिअर असा टाकला की माझी टोपी डोळ्यांवर आली.

हे आमचं बोलणं गाडीतलं. मी किझिल-सूच्या दवाखान्यात स्वयंपाकीण, आणि जिपार रोज काराकोल ते किझिल-सू सवारी मारते. तिची गाडी जपानहून आलेली जुनी, स्टिअरिंग उजवीकडं. आमच्याकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात. म्हणजे पुढं ट्रक असला की त्याच्या पलीकडचं तिला काही म्हणता काही दिसत नाही. दिसतं ते डाव्या सीटवरच्याला. म्हणून त्या सीटवर मी. ती विचारते, "एजे?" मी वाकून बघते आणि सांगते, "जा," नाहीतर "थांब." त्या सीटवर झोपलेलं तिला चालत नाही. बोललेलं चालतं, म्हणून तर आमचं जमलं.

त्या दिवशी सकाळी सातिबाल्दी अंगणात स्वतःच्या मोठ्या गाडीपुढं उभा होता. बॅटरी मेलेली. ती वर न्यायला साहेबांना कमीपणा वाटतो ना! किझिल-सूला व्याह्यांकडे जेवण होतं, बरोबर नात, चार वर्षांची. आमच्या गाडीत जागा एकच.

"मी पुढं बसणार," तो म्हणाला. मानाचा पाहुणा मागं कसा बसेल? मी उठून मागं दोन बायकांशेजारी दाबून बसले. नात माझ्या मांडीवर.

गाव सुटलं आणि पुढं कोळशाचा ट्रक आला, बैलासारखा डुलत.

"बाइके, समोर मोकळं आहे?" जिपारनं त्याला मानानं दादा म्हणत विचारलं.

"थांब!"

थांबलो. समोरून चिटपाखरू आलं नाही.

"बाइके?"

"थांब म्हणतो ना! तिकडं लांब काहीतरी काळं आहे."

"ते झाड आहे," मी मागून मान काढून सांगितलं.

"तू गप बस गं. सीट कुणाची आहे?"

जिपारनं गाडी ट्रकमागंच ठेवली. तो म्हणेल तेव्हाच ती ट्रकच्या पुढं जाणार. तिचा नियमच तसा, जो डावीकडं त्याचा शब्द. सातिबाल्दी घड्याळ बघायचा, रस्ता बघायचा, पाय आपटायचा. तिकडं मटण वाढायला घेतलं असेल, त्याचा मानाचा तुकडा भलत्याच्याच पानात पडेल, ही काळजी. इकडं कोळशाची धूळ काचेवर. जिपारची बोटं स्टिअरिंगवर टकटक टकटक वाजत होती, कारण परतीच्या सवारीनंतर तिला आणखी एक खोली बघायची होती. नात माझ्या मांडीवर जर्दाळूचा मुरंबा खात होती. अर्धा तोंडात, अर्धा सीटवर.

शेवटी तो ओरडला, "जा! जा जा जा!" आणि डोळे मिटून घेतले. जिपार पुढं गेली. रस्ता आख्खा रिकामा होता.

व्याह्यांच्या दारात गाडी थांबली. सातिबाल्दीनं एकाचं भाडं काढलं.

"आणि नातीचं?" जिपारनं विचारलं.

"तिचं कसलं? ती काय सीटवर बसली होती? मांडीवरचं पोर कुणी मोजतं का?"

"नाही मोजत?"

"सगळ्या दुनियेत विचार! लहान पोर म्हणजे काय माणूस आहे वेगळं? आईबापाबरोबरच धरायचं."

"बरं," जिपार म्हणाली. "मग माझी आयपेरी परवा येतेय. माझ्याबरोबरच धरा."

मागच्या दोघी खुदखुदल्या. मी तर कुणालाच रोखलं नाही, स्वतःलाही नाही.

"ते घर आहे! ही गाडी आहे!"

"मांडी तीच असते, बाइके."

"ती भिंती खराब करेल!"

"तुमच्या नातीनं माझी सीट केली. मी काही म्हटलं?"

त्यानं मागं वळून मुरंबा पाहिला. फाटकातून व्याही, विहीणबाई हात पसरून, तोंडभर हसत पुढं येत होते. त्यांच्यासमोर नातीच्या भाड्यावरून घासाघीस? त्यानं घाईघाईनं खिशात हात घातला. "हे घे तिचं भाडं! झालं समाधान? मोजली!"

"मोजली म्हणजे पैसे घेऊन पोरांना जागा देता येते म्हणायची," जिपार म्हणाली. "आयपेरीचं किती घ्याल तेही इथंच सांगा. व्याहीबुवा आहेतच, साक्षीला होतील."

"कसली साक्ष?" व्याही दारातून वाकून विचारू लागले.

"काही नाही, काही नाही!" सातिबाल्दीनं नोट परत खिशात कोंबली. नातीला माझ्या मांडीवरून ओढून घेतलं आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "नाही मोजत. झालं?"

"कुठं नाही मोजत, बाइके? गाडीत की घरात?"

"दोन्हीकडं, बाई! दोन्हीकडं!"