नळाची चाहूल

आमच्याच इमारतीत राहणाऱ्या माझ्या भाचीला कॉलेजच्या अर्जासोबत स्वतःविषयी निबंध लिहायचाय. विषय सापडत नाही म्हणून ती सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात बसली होती.

"मावशी, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही गं," असं म्हणता म्हणता ती थबकली. कोरड्या नळात हवेचा बारीक फुसकारा झाला म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. ती उठून जिन्यात गेली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "पाणी आलं."

वरच्या आजोबांनी विचारलं, "नक्की ना गं?"

"लावा बादली, आजोबा. आलंच."

मजल्यामजल्यावर बादल्या वाजल्या, आणि मग कुठे आमच्या नळाला धार लागली. लहानपणापासून तिचं हे चाललंय. तिची हाक आल्याशिवाय इमारतीत कुणी बादली हलवत नाही.

जे खास आपलं, ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याला विषय म्हणायचं आपल्याला सुचतच नाही. विषय म्हणजे कुठूनतरी लांबून आणायची गोष्ट वाटते.

ती परत येऊन बसली. "हां, काय सांगत होते? विषयच नाही."

मी भरलेली बादली बाजूला सरकवून दुसरी लावली. जिला पाणी येण्याआधीच ऐकू येतं, तिला तिचा विषयही ऐकू येईल.