पल्लवीची रेघ

शंका घेणं हेच जिथं काम, तिथले किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमची प्रयोगशाळा हिंदी मुलखात, तेलीबांध्याच्या पुढं, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ॲक्सियॉन नावाचा एक कण आहे म्हणतात, अजून कोणी पाहिला नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या जबर चुंबकीय क्षेत्रात तो शिरला की त्याचा फोटॉन होतो आणि रेडिओच्या आलेखावर एक बारीक रेघ उठते. असला तर! दूरच्या दुर्बिणीचा डेटा घेऊन आम्ही ती रेघ शोधून राहिलो होतो.

*

माझे बाबा रेल्वेत सिग्नलवाले. त्यांना हे सगळं समजावलं.

"कोणी पाह्यला नाही, तं तो आहे कशावरून?"

"म्हणून तं शोधून राहिलो, बाबा."

"सरकारले माहीत आहे काय हे?"

पुढं आठवडाभर ते मले रोज विचारत, आज नेमका कुठं गेला होता म्हणून.

*

आमचे गाइड बोरकर सर म्हणजे संशयाचं हेडऑफिस! गच्चीवर सरावाचा छोटा अँटेना होता. मोबाईलच्या लहरींनीही खोटी रेघ उठते, म्हणून त्यावर रेघ दिसली की सर सगळ्यांचे मोबाईल स्टीलच्या डब्यात कोंबायचे. एकदा डबा बंद केला, तरी रेघ जाईना. सरांनी माझे खिसे तपासले, चहावाल्या साहू भैयाचेही.

"हव साहब, देख लो, बिस्कुट है!"

तेवढ्यात सरांच्याच बॅगेत फोन वाजला.

"हा घरचा आहे," सर म्हणाले, "हा धरायचा नाही."

*

सरांची एक पद्धत होती. डेटात कधीकधी स्वतःच एक खोटी रेघ लपवून ठेवायचे. पोट्टे डोळे उघडे ठेवून काम करतात का, ते पाहायला. टाकली की नाही, ते कागदावर लिहून पाकीट सीलबंद! रिपोर्ट हाती आल्यावरच उघडायचं.

माझ्यासोबत काम करणाऱ्या पल्लवीला पीएचडीच्या पहिल्याच वर्षी रेघ सापडली. तिनं आईला फोन केला, पेढे आणले. सरांनी आधी दोन पेढे खाल्ले, मग पाकीट उघडलं. रेघ त्यांचीच! पल्लवी जिन्यात बसून रडली.

*

तिच्या शेवटच्या वर्षी पुन्हा रेघ आली. ताऱ्याकडे दुर्बीण असली की दिसायची, बाजूला वळवली की गायब, अगदी खऱ्या रेघेसारखी.

"सरांचीच आहे," ती म्हणाली. "इस बार नहीं फँसूँगी!"

"सरांचीच," मीही म्हणालो. त्याची मले आजही लाज वाटते.

तिनं ती रेघ बिघाड म्हणून वगळली, 'काही आढळलं नाही' असं लिहिलं आणि थिसिस जमा केला. पाच वर्षांची मेहनत होती ती. मग सरांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडून कागद तिच्या हातात दिला.

'पल्लवीचं शेवटचं वर्ष आहे. यंदा काही टाकलं नाही.'

पल्लवीनं कागद दोनदा वाचला. उलटा करून पाहिला. मग सरांकडे बघून हळूच विचारलं, "सर, हा कागद तुम्ही कधी लिहिला?"