टँकर आला की सिनेमा थांबवायचा

खराडीच्या पलीकडच्या एका गावात दर रविवारी दुपारी आम्ही फुकट सिनेमा दाखवतो. आम्ही म्हणजे मी, कर्वेनगरात राहणारा निवृत्त शिक्षक, आणि माझा प्रोजेक्टर. गाव महापालिकेत गेल्याला काही वर्षं झाली. पालिकेचे फलक आले, वाढीव घरपट्टी आली, नळाचं पाणी तेवढं वाटेत अडकलं आहे.

पहिले दोन रविवार समाजमंदिरात कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या रविवारी एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खराडीतल्या एका ऑफिसात त्या साफसफाईचं काम करत. त्यांनी एकच विचारलं, "सर, मधीच टँकर आला तर?"

"थांबवू की," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी त्या वीसेक बायका घेऊन आल्या.

टँकर एक दिवसाआड यायचा, तोही त्याच्या मर्जीने. भोंगा वाजला की मी सिनेमा थांबवून दिवे लावायचो. बायका हंडे, कळश्या, ड्रम भरून अर्ध्या तासाने पदराला हात पुसत परत यायच्या. मग कुणीतरी आधीची गोष्ट सगळ्यांना सांगायची. ती बऱ्याचदा सिनेमापेक्षा बरी असायची. दोन वर्षं असं चाललं आणि मला त्याचा फार अभिमान होता. तो अभिमानच नडला.

सदाशिव पेठेतल्या माझ्या एका जुन्या मित्राला मी मुद्दाम बोलावलं. आयुष्यभर फिल्म सोसायटी चालवलेला माणूस. सिनेमा मध्येच थांबवतात म्हटल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही सिनेमा दाखवता की लोकांना पाणी भरेपर्यंत बसवून ठेवता?" मी हसलो, पण ते लागलं. त्या दिवशी शेवटची पंधरा मिनिटं उरली होती, हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं, आणि बाहेर भोंगा वाजला. मला तो स्वच्छ ऐकू आला. मी आवाज वाढवला.

सिनेमा संपला तेव्हा मित्राचे डोळे ओले होते. बायका बाहेर आल्या तर टँकर निघून गेलेला. आता मंगळवारपर्यंत पाणी नाही. कुणाच्या घरात बाळंतीण, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "अरेरे, भोंगा ऐकूच आला नाही हो." इतकी वर्षं वर्गात मुलांचं खोटं पकडलं, स्वतः बोलताना मात्र जीभ जराही अडखळली नाही.

पुढचे तीन रविवार रिकाम्या सतरंज्यांसमोर प्रोजेक्टर लावून बसलो. चौथ्या रविवारी निम्म्या बायका परत आल्या. नंतर सगळ्याच. पहिल्यांदा दारात येऊन टँकरचं विचारणाऱ्या त्या बाई मात्र आल्या नाहीत. शेवटी माफी मागायची ठरवून मी त्यांच्या घरी गेलो.

त्या ज्वारी निवडत होत्या. मी म्हणालो, "त्या दिवशी भोंगा मला ऐकू आला होता."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "मला बी आला व्हता. बाया उठाय लागल्या. म्या तुमच्याकडं पाह्यलं, तर तुमी आवाज वाढवला. म्हनलं, सरांचे पाव्हणे आल्यात, त्यांच्यासमोर सरांचा पानउतारा नको. मीच त्यांना दाबून बसवलं. म्हनलं, टँकर न्हाई, ट्रक हाय."

त्यांनी ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आता बाया म्हनत्यात, हिनं आमाला पान्यावाचून ठेवलं. टँकरपाशी मला लाइनीत घेत न्हाईत. समदं झालं की मग माझा हंडा. तुमच्यावर कुनाचा राग न्हाई, सर. तुमाला ऐकूच आला न्हवता ना."

मी म्हणालो, येत्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगतो. त्या नुसत्या हं म्हणाल्या.

त्याला आता चार महिने झाले. दर रविवारी दुपारी मी सिनेमा लावण्याआधी सगळ्यांपुढे उभा राहतो. समोर सतरंज्या भरलेल्या असतात, बायका हसून जागा करून देत असतात. खरं सांगितलं तर यातली एकही पुन्हा येणार नाही, हे मला कळतं. मी सिनेमाचं नाव सांगतो, तो किती वेळाचा आहे ते सांगतो आणि दिवे घालवतो.