दीड हजार पोती

जया रणपिसे यांनी एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरमागे चौतीस वर्षं काढली आणि या चौतीस वर्षांत एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. मॅनेजरनं मोजून दिलेलं बंडलही त्या पुन्हा मोजत. निवृत्तीच्या समारंभात हातात पाकीट पडलं, तेही त्यांनी स्टेजवरच मोजलं. टाळ्या वाजवायला लोकांना जरा थांबावं लागलं.

अशा बाईंना येरवड्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात पैशाचे धडे द्यायला बोलावलं ते तिथल्या समुपदेशक निकितानं. "ताई, यांची दारू सुटलीय, पण पगार हातात आला की यांना घाम फुटतो," ती म्हणाली. "माझा पगार बघून मलाही फुटायचा," जयाबाई म्हणाल्या आणि पुढच्या शनिवारी चारच्या ठोक्याला वर्गात हजर झाल्या.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'बचत' असं लिहून विचारलं, "घरात पैसे बाजूला ठेवायला कोणाकोणाला जमतं?" अकराच्या अकरा हात वर झाले. कोणी हेल्मेटच्या अस्तरात ठेवत असे, कोणी बंद पडलेल्या मिक्सरच्या पोटात. एकानं तर सासऱ्यांच्या तसबिरीमागे ठेवले होते, कारण तिथं बायको रोज हात जोडायची, पण मागे हात घालायची नाही. जयाबाईंनी खडू खाली ठेवला. "लपवण्यात आपली सगळ्यांची डॉक्टरेट झालेली दिसते. आता ठेवायला शिकू."

व्याजाचा टक्का आला आणि वर्ग पेंगायला लागला. तेव्हा मागच्या बाकावरून भैरू उठला. भैरू गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला हमाल, वय सेहेचाळीस, दारू सोडून नऊ महिने झालेले. "बाई, टक्का मला कळत न्हाई. पोत्यात सांगा."

"म्हणजे?"

"एक पोतं उतरवलं की धा रुपये. त्यात सांगा."

जयाबाईंनी फळा पुसला. अठरा हजारांचा मोबाइल हप्त्यानं घेतला तर एकवीस हजारांना पडतो, म्हणजे वरची तीनशे पोती फुकट वाहायची. "फुकट?" भैरू ओरडला. "त्या दुकानदाराच्या बापाचा हमाल हाय का मी?" त्या आठवड्यात वर्गातल्या दोघांनी मोबाइलचा बेत रद्द केला. पुढे रिक्षावाला आणि शिंपीसुद्धा पोत्यात हिशेब करू लागले, आणि बँकेच्या भाषेचा फार अभिमान असलेल्या जयाबाईंनी मुकाट्यानं तेच चलन मान्य केलं.

भैरूची कमाई मात्र त्याच्या हातात राहत नव्हती. ती बायको वेणूबाईंकडे जायची आणि त्या रोज वीस रुपये द्यायच्या. ही व्यवस्था त्यानंच मागून घेतली होती. पण लेक पूर्वाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पंधरा हजारांची फी केंद्राशेजारच्या बँकेत चलनानं भरायची होती, सोमवार शेवटचा दिवस. भैरू हटून बसला की फी आपणच भरणार. "पोरीला पावतीवर एकदा बापाची सही दिसू दे," तो म्हणाला.

वेणूबाई केंद्रात येऊन कडाडल्या, "धावीची फी भराया गेले ते तिसऱ्या दिवशी आले, बिनचपलेचे! चपला बी विकल्या होत्या!"

भैरूनं मान खाली घातली. ते बघून जयाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मी जामीन राहते." बोलून झाल्यावर सगळ्यात जास्त त्याच दचकल्या.

शनिवारी बारा वाजता, हमाली आटोपल्यावर, वेणूबाईंनी यार्डातच बंडल त्याच्या हातात ठेवलं. साडेतीनपर्यंत बँकेत पैसे भरायचे आणि चारला पावती घेऊन वर्गात यायचं असं ठरलं होतं. चार वाजले. वेणूबाई आल्या, भैरू नाही. जुने दोस्त फोन करतात म्हणून त्यानं मोबाइल घरीच ठेवला होता. जयाबाई विमा शिकवायला लागल्या, पण 'अपघात' या शब्दावर तीनदा अडखळल्या. पंधरा हजार आपल्या पेन्शनमधून देता येतील, असा हिशेबही त्यांनी मनात करून टाकला. त्या पोरीला तोंड कसं दाखवायचं, याचा हिशेब मात्र लागत नव्हता.

पावणेपाचला भैरू दारात उभा राहिला. धुळीनं माखलेला, लंगडत, एक हात शर्टाच्या आतल्या खिशावर.

"बँक बंद झाली," तो म्हणाला.

"साहजिक आहे. त्यांनाही घरं आहेत," जयाबाई म्हणाल्या. "कुठे होतात?"

"फातिमानगर, हडपसर, मुंढवा, खराडी. चालत."

"गुलटेकडीहून येरवड्याला यायला?"

"सरळ रस्त्यानं स्वारगेटला चार दुकानं, कॅम्पात सहा. सगळी नावानं हाक मारत्यात. बस बी तिथंच थांबती."

"आणि मुंढव्यात दारूची दुकानं नाहीत?"

"लई हायत. पण तिथं माझी वळख न्हाई."

वर्ग खो खो हसला, पण वेणूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, बंडल घेतलं आणि बोटाला थुंकी लावून मोजायला सुरुवात केली. जयाबाईही लांबून डोळ्यांनी मोजत होत्या, आणि आपण मोजतोय याची त्यांना लाज वाटली.

"धा रुपये कमी हायत," वेणूबाई म्हणाल्या.

आता कोणीच हसेना. भैरूनं खिशातून वर्गात मिळालेली वही काढून पुढे धरली. वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: शनिवार. मुंढवा. च्या, एक पोतं.

"आजचे वीस मागाया लाज वाटली," तो पुटपुटला. "पाय उचलंना, मग मोडले."

जयाबाई पर्स उघडायला लागल्या तशी वेणूबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. कमरेची पिशवी सोडून दहाची नोट काढली, बंडलात सरकवली आणि वर रबर चढवलं. आता बंडल पिशवीत जाणार, असं अख्ख्या वर्गाला वाटलं. त्यांनी ते भैरूच्या हातात दिलं. पुन्हा एकदा मोजून बघावं म्हणून जयाबाईंचा हात सवयीनं पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"सोमवारी बँक धाला उघडती," वेणूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्या रस्त्यानं जायचं तर पाचलाच निघा. आन् च्याचं पोतं माझ्याकडून येगळं घ्या."