बिनमिठाचं पातेलं

बाबांचं लिव्हर दारूने खराब झालं आणि आईचं थेंबही न घेता. कंधारच्या आमच्या गल्लीत हे कुणाला पटेना. भेटायला येणाऱ्या बायका आईच्या तोंडाचा वास घ्यायच्याच काय त्या बाकी होत्या. साखरेच्या आजारानेही लिव्हर निबर होतं, हे नांदेडच्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी त्यांना समजावून पाहिलं आणि मग चिडून नाद सोडला.

बाबांचं दुखणं आधीचं. पोटात पाणी झालं, पाय सुजले. डॉक्टरांनी दारू आणि मीठ दोन्ही बंद करायला सांगितलं. दारू बाबांनी सोडली, ते काही सोपं नव्हतं. मिठाचं मात्र आईने बघितलं. त्यांच्यासाठी छोट्या पातेल्यात वेगळी भाजी व्हायची, लसूण जास्त घालून, वरून लिंबू पिळून. ते जेवताना कुरकुर करायचे, ती ऐकून घ्यायची. बाबा सावरले, डॉक्टरांनी थोडं मीठ चालू केलं आणि ते छोटं पातेलं बंद झालं.

मग आईचं पोट फुगलं. पथ्य तेच, पण गोळ्या वाढवूनही सूज हटेना. मी नांदेडला नोकरीला. रोज फोनवर विचारायची, पथ्य चालू आहे ना? ती हाव म्हणायची.

सुट्टी काढून घरी गेले, तेव्हा सगळ्यांचं झाल्यावर ती नेहमीसारखी शेवटी जेवायला बसली. ताटात मोठ्या पातेल्यातलीच भाजी. मी एक घास घेऊन पाहिला. आम्ही खाल्ली तीच, मिठाची.

"तुझी वेगळी भाजी कुठाय?"

"एकटीसाठी दुसरं पातेलं कोण चढवावं, बाई? उलीसंच खाते मी."

ती खोटं बोलत नव्हती. कमी खाणं हेच तिच्या लेखी पथ्य होतं. मला राग आला आणि रडूही आलं. दाराशी बाजेवर बसलेल्या बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून बाहेर निघून गेले, त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी आई वांगी फोडणीला टाकत होती. बाबा स्वयंपाकघरात आले, मिठाची बरणी उचलली आणि कपाटात वर ठेवून दिली, तिचा हात पुरणार नाही इतकी वर. भाजी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग दोन ताटं घेतली आणि तिला शेजारी बसवलं. ती अवघडून बसली.

आता सूज उतरली आहे. पण डॉक्टर म्हणतात, फार उशिरा आणलंत, बाबांसारखं हिचं सावरायचं नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

बरणी वर ठेवली त्या दिवशी आई घास हातात धरून बाबांच्या तोंडाकडे बघत होती. अळणी लागते का, तिने विचारलं.

"हाव, लई अळणी हाय," बाबा म्हणाले आणि ताट पुढे केलं. "अजून वाढ."